वॉकर घेऊन चालणाऱ्यांची चाल मनगटी घड्याळावरून कितपत समजते?

प्रश्न:
माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या असून खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झाल्यापासून घरात वॉकर घेऊन चालतात. आम्ही त्यांच्यासाठी स्मार्टवॉच घेतले, परंतु स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत बऱ्याच फेऱ्या झाल्या तरी त्यात पावले फारच थोडी दिसतात. त्या पुन्हा पडण्याचा धोका वाढतो आहे का, हे अशा उपकरणावरून कळू शकते का? नेमके काय पाहावे?

उत्तर १ (फिजिओथेरपिस्ट):
घड्याळ बिघडलेले नसावे. मनगटावरचे उपकरण मुख्यतः हाताच्या हालचालीवरून पावले ओळखते आणि वॉकर धरलेले हात झुलत नाहीत. त्यातच चाल संथ असली की मोजणी आणखी चुकते. म्हणूनच चालीच्या अभ्यासात सेन्सर बहुधा कमरेवर किंवा घोट्याजवळ लावतात. युरोपातील ‘मोबिलाइज-डी’ प्रकल्पात, ज्यात खुब्याचे हाड मोडलेले रुग्णही होते, तो पाठीच्या खालच्या भागावर लावला होता.

पावलांच्या संख्येपेक्षा मी चालण्याच्या वेगाला अधिक महत्त्व देते. घरात ४ मीटर अंतर आखून त्यांना नेहमीच्या गतीने चालू द्यावे, शेजारी कोणीतरी उभे राहावे आणि वेळ मोजावा. ५ सेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.८ मीटर होतो. युरोपीय निकषांनुसार इतका किंवा याहून कमी वेग स्नायूंच्या गंभीर दुर्बलतेकडे निर्देश करतो. वॉकर वापरणाऱ्यांचा वेग बहुधा त्याहून कमीच असतो, त्यामुळे त्या आकड्याने घाबरू नये. त्यांच्याच मागच्या महिन्याच्या वेळेशी तुलना करावी आणि चाल मंदावत असेल तर लगेच दाखवावे.

उत्तर २:
आयफोनमध्ये २०२१ पासून चालण्याची स्थिरता दाखवण्याची सोय आहे, पण त्यासाठी फोन कमरेजवळ, खिशात असावा लागतो. आपल्याकडे साडी नेसणाऱ्या, घरात फोन टेबलावर ठेवणाऱ्या स्त्रियांची नोंद त्यामुळे होतच नाही, आणि ही उणीव मला फार गंभीर वाटते. माझ्या आईला कमरेचा पट्टा शिवून दिला, तो ती वापरते. मात्र वॉकरसह मिळणारे आकडे जपूनच वाचावेत.

उत्तर ३:
घड्याळ तरीही काढू नका. काही घड्याळांतील पडल्याची सूचना देणारी सोय चाल मोजत नाही, परंतु ती सुरू केलेली असेल आणि घड्याळ स्नानगृहातही हातावर असेल, तर मदत लवकर पोहोचू शकते. उभे राहताना रक्तदाब उतरतो का आणि झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, हेही डॉक्टरांना अवश्य विचारावे.