मदत हवी आहे: अल्बमच्या क्रमवारीतील चढउतारांतून लोकप्रियता वेगळी कशी काढावी?

नमस्कार,

संगीताचे अल्बम आणि चित्रपट लोकप्रियतेच्या याद्यांत कसे वर चढतात आणि कसे खाली येतात, यावर एक दीर्घ लेख लिहायला घेतला आहे. त्यासाठी अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ या नियतकालिकाच्या मुख्य अल्बम-यादीतून निवडक अल्बमांचे आठवडेवार क्रमांक एक्सेलमध्ये भरून आलेख काढले. आलेख निघाले, पण त्यांचा अर्थ लावताना घोडे अडले आहे.

१९९१ पूर्वीचे बहुतेक अल्बम सावकाश वर सरकतात, काही आठवडे शिखरापाशी रेंगाळतात आणि मग हळूहळू उतरतात. त्यानंतरचे कित्येक अल्बम मात्र पहिल्याच आठवड्यात आपला सर्वोच्च क्रमांक गाठतात आणि दुसऱ्या आठवड्यापासून घसरणीला लागतात. श्रोते उतावीळ झाले, असे यावरून म्हणण्याचा मोह होतो. परंतु मे १९९१ मध्ये मोजणीची पद्धतच बदलली होती. तोपर्यंत कोणता अल्बम किती खपतो आहे, हे दुकानदारांनी कळवलेल्या अंदाजावर ठरत असे. त्यानंतर साउंडस्कॅन या यंत्रणेमुळे दुकानातील गल्ल्यावर बारकोड वाचून प्रत्यक्ष विक्री मोजली जाऊ लागली. थेट पहिल्या क्रमांकावर दाखल होणारा पहिला अल्बम १९७५ मधला, एल्टन जॉनचा. १९९१ पर्यंत अशी उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती, पुढे तो प्रकार सर्रास झाला. म्हणजे जुन्या आलेखांतील ती संथ चढण श्रोत्यांची होती की दुकानदारांना नव्या अल्बमचा अंदाज उशिरा येत असे म्हणून दिसते?

सगळेच खापर पद्धतीवर फोडावे, तर ‘नेव्हरमाइंड’ आडवा येतो. निर्वाणा या बँडचा हा अल्बम सप्टेंबर १९९१ मध्ये, म्हणजे नवी मोजणी सुरू झाल्यानंतर आला, १४४ व्या क्रमांकावर यादीत शिरला आणि जानेवारी १९९२ मध्ये मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला खाली ओढून पहिला झाला. हा चढ कानोकानी पसरलेल्या लोकप्रियतेचा आहे, याबद्दल मला तरी शंका वाटत नाही.

उतरणीचा प्रश्न याहून अवघड आहे. पिंक फ्लॉइडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ १९७३ ते १९८८ या काळात ७४१ आठवडे यादीत होता आणि त्यांपैकी पहिल्या क्रमांकावर अवघा एक आठवडा. पुढे १९९१ मध्ये नियम आला, की ठरावीक काळ उलटलेले आणि विशिष्ट क्रमांकाखाली गेलेले अल्बम मुख्य यादीतून काढून जुन्या अल्बमांच्या वेगळ्या यादीत टाकायचे. याचा परिणाम असा, की २००९ मध्ये मायकल जॅक्सनच्या निधनानंतर त्याचा जुना गीतसंग्रह मुख्य यादीतील पहिल्या अल्बमपेक्षा जास्त खपला, तरी त्या यादीत त्याचे नावच नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस हा नियम रद्द झाला. या मधल्या अठरा वर्षांत यादीबाहेर गेलेले अल्बम ‘विसरले गेले’ असे मानणे मला पटत नाही.

डिसेंबर २०१४ पासून ऑनलाइन श्रवणही धरले जाऊ लागले. सुरुवातीचा हिशोब दीड हजार वेळा वाजलेली गाणी बरोबर एक अल्बम असा होता. पूर्वी विकत घेतलेली तबकडी शंभरदा ऐकली तरी एकदाच मोजली जात असे, आता प्रत्येक ऐकणे मोजले जाते. जानेवारी २०१९ मध्ये ‘हूडी सीझन’ हा अल्बम पहिल्या क्रमांकावर होता, त्या आठवड्यात त्याची पूर्ण अल्बम म्हणून विक्री होती फक्त ८२३ प्रती! शिवाय जानेवारीतला पहिला क्रमांक नाताळच्या आठवड्यातल्या पहिल्या क्रमांकापेक्षा कितीतरी कमी विक्रीत मिळतो, ही भानगड आहेच.

(बिनाका गीतमालेत वाढलेल्यांना हे नवीन वाटू नये. रेकॉर्डची विक्री आणि श्रोता संघांचा कौल यांची सांगड घालून गाण्यांची पायदाने ठरत, तेव्हाही आपले आवडते गाणे खाली का गेले यावर वाद होत असत.)

माझे प्रश्न असे. नियमामुळे यादीबाहेर गेलेल्या अल्बमांकडे, एखादी गोष्ट किती काळ टिकते हे मोजणाऱ्या संख्याशास्त्रातल्या सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिसच्या रीतीने, ‘निरीक्षण येथे थांबले, लोकप्रियता संपली असे नव्हे’ असे पाहता येईल का? तसे केल्यास २००९ नंतर यादीत परतलेल्या जुन्या अल्बमांचे काय करावे? क्रमांकाऐवजी त्याचा लॉगरिदम घेतला, तर पहिल्या दहातली आणि शंभराच्या पुढची हालचाल एकाच फूटपट्टीने मोजणे रास्त ठरेल का, की विक्रीचे आकडे मिळतात तेवढ्याच वर्षांपुरता लेख मर्यादित ठेवावा?

चित्रपटांच्या बाबतीत साप्ताहिक उत्पन्नाचे आकडे उपलब्ध असल्याने काम सोपे वाटते. अमेरिकेत ‘टायटॅनिक’ सलग १५ आठवडे पहिला राहिला आणि त्याने दुसऱ्या आठवडाअखेरीस पहिलीपेक्षा जास्त कमाई केली. आजचे मोठे चित्रपट दुसऱ्याच आठवड्यात निम्म्यावर येतात. ही तुलना करताना चित्रपटगृहांची संख्या कशी हिशोबात घ्यावी, हेही कोणी सांगितल्यास बरे होईल. मला आर ही संख्याशास्त्रीय संगणक-प्रणाली वापरता येते, त्यामुळे उत्तर तांत्रिक असले तरी चालेल.