मदत हवी आहे : रोजच्या तोरावाचनात हृदयाविषयीचा बोध कसा शोधता?

शालोम मंडळी. तोराचा (मोशेच्या पाच ग्रंथांचा) आठवड्याचा पराशा, म्हणजे त्या आठवड्याचा वाचनाचा उतारा, सात भागांत वाटलेला असतो, त्यातला एकेक भाग मी रोज सकाळी वाचते. आधी हिब्रू, मग मराठी. हृदयाचा उल्लेख आला की पेन्सिलीने खूण करते. फारोपाशी, म्हणजे इस्राएलांना गुलामगिरीतून सोडायला तयार नसलेल्या मिसरच्या राजापाशी, मात्र गाडी अडली आहे.

देवाने मिसरवर आणलेल्या दहा पीडांपैकी पहिल्या पाचांत त्याचं मन कठीण झालं ते त्याच्या त्यानेच. सहाव्या पीडेला, गळवांच्या वेळी, परमेश्वर ते कठीण करतो (निर्गम ९:१२). आणि गारा थांबल्यावर पुन्हा फारो स्वतःच (९:३४)! रामबाम (मध्ययुगातले यहुदी विचारवंत मायमोनिडीज) सांगतात, त्याने आधी आपणहून इतकं पाप केलं की शिक्षा म्हणून पश्चात्तापाची वाटच बंद झाली. तर्क पटतो. पण त्यातून मी माझ्यासाठी काय घ्यायचं? नुसती धास्ती?

अनुवाद या तोरातल्या पाचव्या पुस्तकात, १०:१६ मध्ये हृदयाची सुंता करा असं आपल्याला सांगितलंय, ३०:६ मध्ये तेच काम देव करणार आहे. मग माझा वाटा कितीसा?

निवासमंडपाच्या (रानातल्या उपासनेच्या तंबूच्या) लांबलचक याद्यांत तरी काही सापडतं : मनाने उचल खाल्ली म्हणून बकऱ्यांचे केस कातणाऱ्या बायका (निर्गम ३५:२६) मला फार आवडतात. लेवीय या पुस्तकातल्या महारोगाच्या नियमांत काय शोधायचं, देव जाणे. तिथे तुम्ही ओढूनताणून बोध काढता की नुसतं वाचून पुढे जाता?

फारोबद्दल मराठीत कुणी नीट विवेचन केलेलं माहीत असेल तर तेही सांगा. आमच्याकडे विचारायला जाणती माणसं आता फारशी उरली नाहीत.