‘मॉकिंगजे’चा शेवट तुम्हाला पटला का?

पुस्तकवेडी: सुझन कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’ मालिकेचे २००८ आणि २००९ मध्ये आलेले पहिले दोन भाग मी एका दमात वाचून काढले, परंतु २०१० च्या ‘मॉकिंगजे’मध्ये, जिला वाचवण्यासाठी नायिका कॅटनिस मुळात मुलांना मरेपर्यंत लढवणाऱ्या खेळात उतरली, ती धाकटी बहीण प्रिमच मारली जाते, तेव्हा सारा खटाटोप पाण्यात गेल्यासारखे वाटले. इतरांचे मत काय?

जुना वाचक: मला तोच भाग सर्वांत प्रामाणिक वाटला. जुलमी राष्ट्राध्यक्ष स्नोसाठी रोखलेला बाण कॅटनिस ऐन वेळी बंडखोरांच्या नेत्या कॉइन यांच्यावर सोडते, कारण कॅपिटॉलच्या, म्हणजे स्नोच्या राजधानीच्या, मुलांना घेऊन शेवटचे खेळ भरवण्याचा प्रस्ताव त्यांनीच मांडलेला असतो. सत्तापालट झाला तरी सत्तेची खोड जात नाही, हे याहून नेमके कसे दाखवणार?

निशाचर: कॉइनबाबत सहमत, पण त्या प्रस्तावाला कॅटनिसने ‘प्रिमसाठी’ म्हणून होकार दिला होता, हे विसरता कामा नये. तो डाव होता की सूड, यावर आमच्या घरात अजून वाद चालतो. कॅटनिसने पीटाला निवडावे की गेलला, हा प्रेमाचा तिढा मात्र (अर्थात माझ्या मते) उगाच ताणला आहे.