मदत हवी आहे: मेक्सिकोत चपाला तळ्याकाठी निवृत्त व्हायचंय, पाण्याचं काय?

भीमाकाठचा

नमस्कार मंडळी. मी आणि बायको बऱ्याच वर्षांपासून ह्यूस्टनला आहोत. पुढच्या वर्षी नोकरी सोडतोय. मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, मिळायला अजून अवकाश आहे, तोवर विम्याचे हप्ते खिशातून भरायचे म्हणजे साठवलेलं सगळं तिकडेच जाणार. म्हणून मेक्सिकोचा विचार चाललाय.

ग्वादालाहारा शहराच्या दक्षिणेला, गाडीने तासाभरावर, चपाला तळं आहे. मेक्सिकोतलं सगळ्यात मोठं. उत्तर काठावरच्या आहीहीक गावात अमेरिकन आणि कॅनेडियन पेन्शनरांची जुनी वस्ती आहे. उंची साधारण १,५०० मीटर, हवा आपल्या लहानपणच्या पुण्यासारखी (आताच्या नव्हे). गेल्या डिसेंबरात जाऊन आलो. तळ्याकाठचं एक घर दोघांनाही आवडलं.

अडचण अशी की बायको सोलापूरची. चार-पाच दिवसांआड येणाऱ्या नळासाठी पहाटे उठून तिने अर्धं आयुष्य काढलंय. तिच्या वाचनात आलं की २०२४च्या जूनमध्ये तळं ४० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. त्याच वर्षी मेक्सिको सिटीचं पाणी संपणार अशा बातम्या होत्या, आणि २०२२मध्ये मोंतेरे शहरात दिवसातून काही तासच पाणी सुटत होतं. तिचं म्हणणं, "पेन्शन घेऊन पुन्हा कळश्याच भरायच्या असतील तर सोलापूर काय वाईट?" यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तर, तळं आटलं तर गावाचं पाणी जातं का? घर बघताना काय विचारावं? कोणी राहिलंय का तिकडे? विमा, व्हिसा यांचे धागे वाचलेत, इथे फक्त पाण्याबद्दल सांगा.

खारा_वारा

मिशिगनला जा की. तळी हवी तेवढी, पाणी हवं तेवढं.

भीमाकाठचा

आणि बर्फ? बायकोचे गुडघे बघता नको.

पाटकरी

आयटीच्या कामानिमित्त ग्वादालाहारात काही वर्षं होतो, सुट्टीला चपालाच. आधी एक गैरसमज काढतो. तुम्ही तळ्याकडे बघताय, पण आहीहीकच्या नळाला तळ्याचं पाणी येत नाही. गावाचं पाणी डोंगराच्या बाजूच्या खोल विहिरींतून पंपाने येतं. तळ्याचं पाणी पितं ते ग्वादालाहारा, त्या शहराचं निम्म्याहून जास्त पाणी चपालातून जातं. म्हणजे तळं पूर्ण भरलेलं असतानाही तुमच्या गल्लीत नळ कोरडा असू शकतो, आणि तळं मैलभर मागे गेलं असलं तरी नळ चालू असू शकतो.

तळ्याची गोष्टही सांगतो, कारण उजनी पाहिलेल्या माणसाला ती लगेच कळेल. पसारा हजार चौरस किलोमीटरच्या वर, पण सरासरी खोली जेमतेम चार-पाच मीटर. उन्हाळ्यात बाष्पीभवनानेच किती जातं बघा. पाणी आणते लेर्मा नदी, आणि तिच्या वाटेवर धरणं, कालवे, शेती, कारखाने. वरच्यांनी अडवलं की खालच्यांनी बघत बसायचं, हे भीमेकाठच्या माणसाला मी काय सांगू. १९५५च्या सुमारास तळं असंच खूप खाली गेलं होतं. पुन्हा २००१-०२मध्ये क्षमतेच्या १५ टक्क्यांच्या आसपास आलं. धक्क्यावरून पाण्यापर्यंत लोक बराच वेळ चालत जायचे. त्यानंतर २००४मध्ये खोऱ्यातल्या राज्यांनी पाणीवाटपाचा करार केला. २०२४च्या पावसाळ्यानंतरही तळं बऱ्यापैकी सावरलं. ते मरेल असं मला वाटत नाही, पण वर-खाली होत राहणार.

आता महत्त्वाचं. तुम्ही डिसेंबरात गेलात ना? पाऊस जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पातळी सर्वांत वर असते ती हिवाळ्याच्या तोंडावर. तेव्हाच कॅनडाचे पाहुणे येतात, आणि दलाल घरं दाखवतात तीही तेव्हाच. मे महिन्यात जा. आणि दलाल जे काठाचं अंगण दाखवेल त्याचे कागद तपासा. पाणी मागे हटलं की उघडी पडलेली जमीन कोणाची नसते, ती सरकारची. तळ्याच्या नेहमीच्या कमाल पातळीपासूनचा १० मीटरचा पट्टाही सरकारीच, तो फार तर परवान्याने वापरायला मिळतो. कोरड्या वर्षांत लोक तिथे भिंती, बागा, टेनिस कोर्टं करतात. मग तळं भरतं.

सांजवारा

आम्ही आहीहीकला भाड्याने राहतो. पाटकरींशी सहमत, फक्त घरातलं सांगते.

इथे बहुतेक घरांना दोन टाक्या. जमिनीखाली हौद, त्याला अल्हिबे म्हणतात, आणि गच्चीवर तिनाको. नळाचं पाणी आधी हौदात, तिथून मोटरने वर. त्यामुळे गावाचं पाणी दोन दिवस बंद असलं तरी मोठा हौद असलेल्याला पत्ताही लागत नाही. घर बघताना स्वयंपाकघराचा ओटा नंतर बघा, आधी हौदाचं झाकण उघडायला लावा. किती लिटरचा, शेवटचा कधी धुतला, तळाला भेग आहे का. आमच्या आधीच्या भाड्याच्या घरात तो लहान होता. एप्रिलमध्ये पंप बिघडला की पीपा, म्हणजे टँकर, मागवावा लागे, आणि आमच्या दगडी गल्लीत तो वळतच नसे.

बंद कुंपणाच्या वसाहतीत घर असेल तर विहीर बहुधा त्यांची स्वतःची असते. विहिरीचा सरकारी परवाना कोणाच्या नावावर आहे, किती पाणी उपसायची मुभा आहे, आणि त्यानंतर किती नवी घरं त्याच विहिरीवर जोडली, हे लेखी मागा. नोटारिओकडे, म्हणजे खरेदीखत करणाऱ्या सरकारमान्य वकिलाकडे, सही करायच्या आधी. सगळीकडे बांधकाम चाललंय, विहिरी त्याच आहेत.

प्यायला गाराफोन, २० लिटरचा जार, दारात येतो. चहाला, डाळीला आम्ही तेच वापरतो. नळाचं पाणी जड आहे, किटलीत पांढरा थर बसतो. आणि वहिनींना सांगा, पहाटे उठायची वेळ अजून तरी आली नाही. हौदातली पातळी बघायची सवय मात्र लागते.

भीमाकाठचा

दोघांचे मनापासून आभार. बायकोने सगळं वाचलं. तिचा पहिला प्रश्न, "हौद किती लिटरचा होता त्या घराचा?" दलालाला विचारलं, त्याने तळ्यावरच्या सूर्यास्ताचा फोटो पाठवला.

घर तूर्त बाजूला ठेवतोय. एप्रिल ते जून भाड्याने राहून बघतो. सांजवारा, गावाच्या वरच्या अंगाला घ्यावं की हमरस्त्याच्या खाली? आणि तुमच्या घराचा हौद किती मोठा आहे, म्हणजे दोघांना किती पुरेल याचा अंदाज येईल.

सांजवारा

दहा हजार लिटर. दोघांना आठवडाभर आरामात, बागेला पाणी घातलं नाही तर. वर घेतलं तर नजारा छान पण दाब कमी येतो आमच्या बाजूला, दुसऱ्या गल्ल्यांत वेगळं असेल. मे महिन्यात आलात की निरोप करा, दोन-तीन घरमालकिणी ओळखीच्या आहेत, त्यांचे हौद दाखवते.