डीएनए कापला जात नाही, मग पेशी थांबते कशी?
नाकातली प्रत्येक वासपेशी रिसेप्टरच्या, म्हणजे वास ओळखणाऱ्या प्रथिनाच्या, अनेक जीनपैकी एकच वापरते. ती तो निवडते कसा? ‘रोगप्रतिकारक पेशी अँटिबॉडीसाठी डीएनए कापून जोडतात, तसंच वासाच्या पेशीही करत असणार’ हा अंदाज मलाही बरेच दिवस पटत होता. पण २००४ साली उंदराच्या वासपेशीचं केंद्रक वापरून क्लोन उंदीर जन्माला घातले, तेव्हा त्यांच्या नाकात तऱ्हेतऱ्हेचे रिसेप्टर सापडले. मूळ पेशी एकच जीन वापरत होती, तरी बाकीचे हजारेक जीन तिच्यात शाबूत होते.

पण एक प्रश्न उरतोच. एक जीन निवडल्यावर पेशी थांबते कशी? सुरुवातीला हे सगळे जीन घट्ट गुंडाळून गप्प बसवलेले असतात. पुढे तर ते केंद्रकाच्या मध्यभागी गोळा होतात. त्यातला एखादा सुटतो, त्याचं प्रथिन बनू लागतं, पण त्याची घडी, म्हणजे नेमका आकार, सहजासहजी बसत नाही. घडी न बसलेल्या प्रथिनांचा ताण पेशीला जाणवतो आणि त्या इशाऱ्यावरून जीनची कुलपं उघडणाऱ्या एलएसडी-१ या एन्झाइमचं काम बंद पडतं. झाली निवड पक्की! इतर पेशींत जी बिघाडाची खूण, तीच इथे ‘मिळाला, आता थांब’ असा निरोप देते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि हाती आलेला जीन मोडका निघाला तर? प्रथिन बनत नाही, निरोप जात नाही, पेशी दुसरा जीन पकडते. माणसात वासाच्या रिसेप्टरचे चालू जीन जेमतेम ४००, मोडकेही शेकड्यांनी आहेत, त्यामुळे ही सोय हवीच होती.