मदत हवी आहे: रीडडिरचं उत्तर बफरच्या बाहेर चार बाइट लिहितंय

नमस्कार. एनएफएस (नेटवर्कवरून फाइली वापरू देणारा प्रोटोकॉल) आवृत्ती ३ चा लहानसा सर्व्हर सीमध्ये लिहितोय आणि तीन दिवस एकाच जागी अडकलोय.

क्लायंट रीडडिरमध्ये (फोल्डरची यादी मागणारी विनंती) काउंट, म्हणजे उत्तराची कमाल बाइटसंख्या, ४०९६ पाठवतो, मी तेवढाच बफर मॅलॉक करतो (तेवढी मेमरी मागून घेतो). चाचणीच्या फोल्डरमध्ये सगळ्या फाइलींची नावं ४४ बाइटची. ५७ फाइलींपर्यंत यादी बिनचूक येते. ५८वी टाकली की ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) हीप बफर ओव्हरफ्लो, म्हणजे बफरच्या हद्दीबाहेर लेखन, दाखवतो: ४०९६ बाइट संपल्या संपल्या ४ बाइटचं लेखन. सॅनिटायझर नसला तर त्या जागी काहीच होत नाही, प्रोग्राम बऱ्याच वेळाने दुसऱ्याच कुठल्या फ्रीवर (मेमरी परत करताना) कोसळतो. म्हणून इतके दिवस भलतीकडे शोधत होतो.

संशय पॅडिंगवर (नावापुढे भरायच्या जादा बाइटवर) आहे. एक्सडीआरमध्ये (एनएफएसचा डेटा मांडायची पद्धत) नाव ४ च्या पटीत न्यावं लागतं, माझी तपासणी मात्र '२४ अधिक नावाची मूळ लांबी' (२४ म्हणजे नोंदीचा नाव सोडून उरलेला भाग) एवढंच उरलेल्या जागेशी ताडून बघते. पण ४४ ला पॅडिंग लागतच नाही! मग चुकतंय कुठे?

प्रतिसाद १
पॅडिंगचा इथे संबंध नाही. बफर ४ च्या पटीत, लिहिलेलं सगळं ४ च्या पटीत, म्हणजे उरलेली जागाही तशीच. तिच्यात मूळ लांबी बसली तर पॅडिंगसकट बसणारच. (क्लायंटने ४०९५ मागितले तर मात्र ही तपासणी दगा देईल, तेव्हा सुधारून ठेवाच.)

कागदावर बेरीज करा. डिरेक्टरीचे (फोल्डरचे) ॲट्रिब्यूट, म्हणजे आकार, मालक वगैरे माहिती, ८८, कुकी (यादीतल्या जागेची खूण) अजून लागू आहे का ते ताडणारा कुकी व्हेरिफायर ८, उरले ४०००. एक टिंब (हाच फोल्डर) आणि दोन टिंबं (त्याच्या वरचा फोल्डर) या नोंदी प्रत्येकी २८, उरले ३९४४. तुमची एक नोंद ६८ ची, आणि ५८ गुणिले ६८ म्हणजे बरोबर ३९४४! बफर काठोकाठ भरला. आता 'पुढे नोंद नाही' सांगणारं शून्य ४ बाइट आणि ईओएफ (यादी संपली का ते सांगणारा) ४ बाइट, हे कुठे लिहिणार? प्रत्येक नोंदीआधी हे ८ राखून ठेवा.

प्रतिसाद २
राखताना 'उरलेली जागा वजा ८' असं लिहू नका. साइझ-टी (सीमधला आकार ठेवायचा प्रकार) अनसाइन्ड असतो, म्हणजे ऋण होत नाही. जागा ८ पेक्षा कमी उरली की वजाबाकी उलटून प्रचंड आकडा येईल आणि तपासणी सगळंच आत सोडेल. ८ नोंदीच्या बाजूला मिळवा. आणि पहिलीच नोंद बसली नाही तर रिकामी यादी नको, टूस्मॉल (मागितलेली जागा अपुरी) एरर द्या.

मूळ प्रश्नकर्ता
मनापासून आभार दोघांचे! ८ मिळवले आणि ओव्हरफ्लो गेला. पण ५८वी फाइल आता यादीतूनच गायब आहे.

प्रतिसाद १
ती नोंद तुम्ही डिस्कवरून वाचली, बसली नाही म्हणून सोडली, आणि पुढच्या विनंतीला ५९वीपासून सुरुवात केली. सर्व्हरने आपण कुठवर वाचलं ते धरून चालू नये. क्लायंट त्याला मिळालेल्या शेवटच्या नोंदीची कुकी पाठवतो, त्या कुकीच्या पुढून वाचा.

मूळ प्रश्नकर्ता
हो, तेच होतं. आता ५८वी दुसऱ्या उत्तरात येतेय. काउंट ४०९० ते ४१०० आणि फाइली ५० ते ७० अशा सगळ्या जोड्या सॅनिटायझरखाली चालवल्या, एकही तक्रार नाही.