टेकडीवरचे घर आणि मार्चपासूनचा हिशेब

आप्पा, सकाळी 6.52
सर्वांना नमस्कार. टेकडीवरच्या घरी रविवारी पुन्हा अकरा पाहुणे मुक्कामाला होते, हे मला घरच्यांकडून नव्हे, तर दूधवाल्याकडून समजले. तेथील गाद्या सर्वांच्या वर्गणीतून घेतलेल्या आहेत. मार्चपासूनचा हिशेब ग्रुपवर टाकावा, एवढीच नम्र विनंती.

नाना, 7.15
आप्पा, नमस्कार. ती भूगोलाची मुले होती. आपल्याकडे राहण्याजेवणाचे पैसे घेत नाहीत. पाहुण्याने सकाळी नकाशा हातात घेऊन टेकडी उतरायची आणि कागदावर आहे पण जमिनीवर नाही, असे जे दिसेल ते वहीत लिहायचे, हा नियम तुम्हीही मान्य केला होता. भाकरी मुलांनीच थापल्या. त्यांचा आकार कोणत्याही नकाशात बसणारा नव्हता.

ताई (भुसावळ), 7.21
भरीत कोणी केले होते? मागच्या वेळी वांगी गॅसवर भाजली होती, असे ऐकले.

वहिनी, 7.24
कपाशीच्या पऱ्हाटीवरच भाजली होती. ऐकीव गोष्टींवर ताईंनी किती विश्वास ठेवावा, हा त्यांचा प्रश्न आहे.

आप्पा, 7.30
भरिताचा विषय नाही. मार्चपासूनचा हिशेब ग्रुपवर टाकावा.

भाऊ (पुणे), 8.05
नानांचा पूर्ण आदर राखून विचारतो, आता सगळे मोबाइलवर दिसत असताना कागदी नकाशे शिकवायला घर अडकवून ठेवण्याऐवजी त्या दोन खोल्या रीतसर भाड्याने का देऊ नयेत?

नाना, 8.40
भाऊ, मोबाइल रस्ता दाखवतो, जमीन दाखवत नाही. रविवारचेच सांगतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या 46 ओ या मालिकेतले आपल्या भागाचे पन्नास हजारी नकाशापत्रक पसरले होते. एका मुलीने विचारले की, टेकडीखालचा ओहोळ निळ्याऐवजी काळ्या रेषेने का काढला आहे. काळी रेष म्हणजे कोरडे पात्र, एवढे सांगून मी तिला खाली पाठवले. ती तासाभराने ओंजळभर गोटे घेऊन परतली आणि पाणी जाते कुठे, असे विचारू लागली. मग सातपुड्याच्या पायथ्याचा बझाडा पट्टा समजावला: डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांच्या आणि वाळूच्या जाड थरात पाणी मुरते, त्यामुळे कितीतरी ओहोळ तापीपर्यंत पोहोचण्याआधीच नाहीसे होतात, आणि केळीसाठी आपण बोअरमधून उपसतो ते हेच मुरलेले पाणी. तिच्या वडिलांचे दोन बोअर आटले आहेत. ती बराच वेळ त्या काळ्या रेषेवर बोट ठेवून बसली होती.

जिभाऊ (नंदुरबार), 8.52
ओसरीवरचा जुना नकाशा अजून आहे ना? त्यात आम्हीही तुमच्याच जिल्ह्यात आहोत. खान्देशाची वाटणी 1906 मध्ये झाली, आम्ही धुळ्यापासून 1998 मध्ये वेगळे निघालो. आपल्या घराची तेवढी राहिली आहे. 😄

वहिनी, 8.55
जिभाऊ, सकाळी सकाळी असे विनोद करू नयेत.

आप्पा, 9.02
मार्चपासूनचा हिशेब ग्रुपवर टाकावा.

ताई (भुसावळ), 9.10
आप्पा, हिशेब गुढीपाडव्याला वाचून दाखवला होता आणि तुम्ही समोर बसून कळण्याची भाकरी खात होतात. खरे कारण सर्वांना माहीत आहे. त्या मुलांनी तुमचे शेड मोजले, हेच ना?

आप्पा, 9.14
परक्या पोरांनी माझ्या शेडला साखळी लावावी आणि शेजाऱ्यासमोर मोठ्याने आकडे वाचावेत, याला पाहुणचार म्हणत असतील तर माझे काही म्हणणे नाही. 46 ओ मध्ये माझी हद्द कोठे चुकली आहे, ते कोणीतरी दाखवावे.

नाना, 9.40
आप्पा, त्यात ती दिसणारच नाही. त्या पत्रकावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. आपले चार एकरांचे शेत त्यावर जेमतेम अडीच मिलिमीटरची चौकट होते आणि गटाची हद्द तर त्यावर काढलेलीच नसते. त्यासाठी गाव नकाशा आणि टिपण, म्हणजे शेताच्या मूळ मोजणीची नोंद, लागते. मुलांना गुंठा शिकवत होतो: तेहेतीस फुटांची साखळी, तिचा चौरस 1089 चौरस फूट, असे चाळीस म्हणजे एकर. साखळी बांधावरून निघाली आणि तुमच्या शेडमध्ये शिरली, ती अकरा फूट, म्हणजे शेड तेवढे शेजाऱ्याच्या बाजूला दिसले. मी मुलांना तेथेच थांबवले. शेजाऱ्यासमोर आकडा वाचला गेला, ही माझी चूक. बत्तीस वर्षे भूकरमापक राहिलेल्या माणसाने ती करायला नको होती.

भाऊ (पुणे), 9.46
अकरा फूट म्हणजे शेड पाडावे लागेल का?

नाना, 9.58
माझ्या मोजणीला कायद्याने काही किंमत नाही. आप्पांनी हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा, शेजाऱ्याला नोटीस जाईल, ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हातात येईल. कदाचित बांधच सरकलेला असेल. कागदपत्रांसाठी मी सोबत येतो.

आप्पा, 10.31
मोजणीची फी कोण भरणार?

जिभाऊ (नंदुरबार), 10.33
हाही मार्चपासूनच्या हिशेबात धरावा काय?

वहिनी, 10.34
जिभाऊ!

नाना, 10.50
फी मी भरतो. शनिवारी आठ पाहुणे आहेत. वांगी आणि पऱ्हाटी पोहोचली आहे. आप्पा, साखळी त्या दिवसापासून तुमच्याच शेडमध्ये खुंटीला आहे. गड्याच्या हाती पाठवून द्यावी.

आप्पा, 11.20
गडी सुट्टीवर आहे. मीच घेऊन येतो. वांगी मी आल्याशिवाय भाजू नयेत.